किल नऊ आणि नऊची गोळी

मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवरची एक प्रोसेस, म्हंजे चालू असलेला प्रोग्राम, मेली आणि अकरा दिवस कुणाला पत्ताच नाही. माणूस असता तर दहावं उरकून तेराव्याच्या जेवणाची यादी चालू झाली असती. आणि मेली म्हंजे एकदा नाही, रोज रात्री दोनला उठायची, अर्धं काम करायची, अडीचच्या सुमाराला गपकन मरायची, दुसऱ्या रात्री परत तेच. तिचं काम एवढंच की दिवसभरात बँकेत आलेले पैसे आमच्या बिलांशी जुळवायचे. बाराव्या दिवशी अकाऊंट्सच्या मॅडम खाली आल्या, हातात प्रिंटाऊट, म्हणाल्या अहो या लोकांनी पैसे भरलेत आणि आपण त्यांना परत रिमाइंडर पाठवतोय, एक जण शिव्या घालतोय फोनवर. तेव्हा कळलं.

मी गेली पंचवीसेक वर्षं सर्व्हर सांभाळायचं काम करतोय, सध्या अंधेरीला एमआयडीसीत. त्यामुळे लाज वाटली हे खरं सांगतो. आपल्या घरात कुणीतरी रोज रात्री मरतंय आणि आपण सकाळी उठून चहा पितोय.

मग नेहमीचं भांडण. कोड लिहिणारे म्हणतात सर्व्हरवाल्यांनी मारलं असेल, सर्व्हरवाले म्हंजे आम्ही म्हणतो तुमचा कोडच फाटला असेल. लॉग, म्हंजे प्रोग्राम काम करता करता नोंदी लिहितो ती फाईल, उघडला तर शेवटची ओळ अर्धवट, "रेकॉर्ड ८१४०० पूर्ण" मधला "पू" झाला आणि पुढे काही नाही. बोलता बोलता कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसं. आमच्यातला नवा पोरगा लगेच म्हणाला, सर सापडलं, एक्क्याऐंशी हजार चारशेव्या रेकॉर्डमधे प्रॉब्लेम आहे. म्हटलं थांब. प्रोग्राम फाईलमधे लिहितो तेव्हा दर ओळीला डिस्कवर जात नाही, आधी बफरमधे साठवतो, बऱ्याचदा ४०९६ बाइट जमले की एक खेप टाकतो. मधेच मारला तर हातातली खेप गेली. म्हंजे लॉग जिथे थांबलाय तिथे तो मेला असं नाहीच, तो त्याच्याही पुढे पोचला असणार, फक्त सांगायचं राहिलं. त्या बिचाऱ्या रेकॉर्डचा काही संबंध नव्हता. (ही चूक मी स्वतः पूर्वी केलेली आहे, दोन दिवस एका निर्दोष गिऱ्हाईकाचं खातं उकरत बसलो होतो.)

खरं म्हंजे मेलेली प्रोसेस कशाने मेली हे ऑपरेटिंग सिस्टिमला माहीत असतं आणि ती सांगायला तयारही असते, पण विचारावं लागतं. ज्या प्रोसेसने तिला जन्माला घातलं त्या पॅरेंटने वेट करायचं, मग त्याला उत्तर मिळतं, आपणहून संपली का कुणी सिग्नल मारला (सिग्नल म्हंजे बाहेरून दिलेला नंबरवाला इशारा), मारला तर कुठला. आमची स्क्रिप्ट कुणीतरी, बहुतेक मीच, जुन्या काळी अशी लिहिलेली की काम बॅकग्राऊंडला सोडायचं आणि पुढे निघून जायचं. पोराला गाडीत बसवून दिलं, पोचला का, कोण विचारतंय. तर आधी ते बदललं, वेट लावलं, जो काही आकडा येईल तो फाईलमधे टाक म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाईलमधे आकडा होता १३७.

या धंद्यातल्या माणसाला १३७ दिसला की पोटात कसंतरी होतं. शेलची, म्हंजे आपण टाइप केलेले हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रामची, रीत अशी की कुणी सिग्नलने मेलं तर १२८ मधे सिग्नलचा नंबर मिळवून सांगायचं. १३७ वजा १२८, नऊ. किल नऊ. १३९ असता तर अकरा, म्हंजे प्रोग्रामने स्वतःच नको त्या मेमरीत पाय टाकला, कोडवाल्यांची चूक. १४३ असता तर पंधरा, म्हंजे कुणीतरी रीतसर सांगितलं की बाबा आता आवर. नऊ म्हंजे सांगणं नाही, बोलणं नाही, सरळ खलास.

मग सिस्टिम लॉगमधे शोधलं आणि फायरवॉलच्या ढीगभर ओळींच्या मधे रात्री २:३१ ची ओळ सापडली, आऊट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे आमच्या जॉबचं, म्हंजे त्या रात्रीच्या कामाचं, नाव. मारणारा कर्नल, म्हंजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः.

हे कसं होतं ते पोराला लोकलच्या पासवरून समजावलं. रेल्वे पास देताना सीट मोजून देते का? नाही. मागेल त्याला पास. सगळे एकाच गाडीला येणार नाहीत या भरवशावर चाललेलं असतं. आमच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स, तोपण तसाच, प्रोग्रामने मेमरी मागितली की घे म्हणतो, प्रत्यक्ष जागा देतो ती प्रोग्राम त्या मेमरीला हात लावेल तेव्हा. आणि एखाद्या रात्री सगळेच पासवाले एका गाडीला आले की मग कुणाला तरी खाली उतरवायचं. उतरवतो कुणाला? शेवटी चढला त्याला नाही. साधारण ज्याने सगळ्यात जास्त जागा अडवलीय त्याला. म्हंजे गर्दी केली दुसऱ्यानेच, महिन्याभरापूर्वी कुणीतरी एक नवीन रिपोर्ट रात्री दोनलाच लावून ठेवला होता, आणि फेकला गेला आमचा जॉब, कारण तो डेटाबेसातलं अख्खं टेबल एकदम मेमरीत घेऊन बसायचा, चौथ्या सीटवर बसून तिघांची जागा अडवणाऱ्या काकांसारखा. दोन्ही बाजूंची चूक निघाली, भांडण मिटलं. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती, टेबल तुकड्या-तुकड्याने वाचायचं, रिपोर्ट चारला ढकलायचा. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं पुढेच आहे. कारण प्रश्न असा पडला की परत कुणी मेलं तर आपल्याला कळणार कसं.

पोरगा हुशार आहे, म्हणाला सर कोडमधेच टाकू ना, मरायच्या आधी आपल्याला मेल कर असं. पंधरा नंबरला हे चालतं. पंधरा आला की प्रोग्राम हातातलं काम खाली ठेवू शकतो, फाईल बंद करू शकतो, मेल टाकू शकतो, एवढंच काय कुणी पाठवला त्याचा प्रोसेस नंबरसुद्धा बघू शकतो. नऊला यातलं काही नाही. नऊ पकडता येत नाही, दुर्लक्ष करता येत नाही, स्क्रिप्टमधे "बाहेर पडताना हे कर" म्हणून ट्रॅप लावून ठेवला तर तोही चालत नाही. आणि नऊ कुणी मारला हे मरणाऱ्याला कधीच कळत नाही. कर्नलने मारला तर कर्नल निदान एक ओळ लिहून ठेवतो. पण माणसाने मारला, कुणीतरी रात्री लॉगिन करून किल नऊ ठोकला, तर आपसूक कुठेच नोंद नाही, त्यासाठी ऑडिटचा नियम आधीपासून लावून ठेवलेला पाहिजे की जो कुणी किल करेल आणि नंबर नऊ असेल ते लिहून ठेव. आधीपासून. गेल्यावर कॅमेरा लावून काय उपयोग.

मी त्याला म्हटलं, मेलेल्याने स्वतःची बातमी स्वतः द्यावी अशी अपेक्षाच चुकीची आहे रे. तो हसला, मला मात्र तेव्हा का कुणास ठाऊक आमच्या चाळीतला नळ आठवला.

मी लालबागचा. बाबा गिरणीत, विव्हिंग खात्यात. गिरणगावात तेव्हा घड्याळाची फारशी गरज नसायची, भोंगा होता. प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा वाजायचा, आणि बायकांना झोपेतसुद्धा कळायचं हा आपला का शेजारचा. आई पहिल्या पाळीच्या भोंग्याला उठायची, कारण नळाला पाणी त्याच सुमाराला यायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. मी तिसरीत होतो, मला संपाचं काही कळत नव्हतं. मला आठवतंय ते एवढंच, की त्या दिवसांत एका सकाळी आई खूप उशिरा उठली, हंडा घेऊन धावत गेली आणि रिकामा हंडा घेऊन परत आली. पाणी येऊन गेलं होतं. ती बाबांना म्हणाली, भोंगा झालाच नाही वाटतं.

भोंग्याने कुठे सांगितलं होतं की मी उद्यापासून वाजणार नाही. गेला तो गेला, आणि आम्हाला कळलं ते नळावर.

अकाऊंट्सच्या मॅडम आणि त्यांचा प्रिंटाऊट म्हंजे आईचा रिकामा हंडाच. घरात पाणी नाही म्हणून कळलं की भोंगा बंद आहे. हे फार उशिराचं कळणं आहे. लवकर कळायचं असेल तर कुणीतरी भोंग्याकडेच कान लावून बसलेलं पाहिजे, आणि त्याला माहीत पाहिजे की तो किती वाजता व्हायला हवा. कॉम्प्युटरवाले याला हार्टबीट म्हणतात. जॉबने काम झालं की एका दुसऱ्याच मशीनला टकटक करायची, चारपर्यंत टकटक आली नाही की ते मशीन माझा फोन वाजवणार. दुसऱ्याच मशीनला का, तर आमच्या त्या वेट करणाऱ्या पॅरेंटलाच कुणी मारलं तर? सर्व्हरचीच वायर कुणी काढली तर? लोकलच्या मोटरमनचं हँडल असं असतं, तो दाबून धरलेलं असतं तोवर गाडी चालते, चक्कर येऊन त्याचा हात सुटला की ब्रेक लागतो. त्याने मला चक्कर आली असं कुणाला सांगायचं नसतं. हात सुटला हेच सांगणं.

याउलट बऱ्याच ठिकाणी काय करतात, रोज सकाळी "सगळं ठीक" असा मेल लावून देतात. माझा याला विरोध आहे. पहिला आठवडा लोक वाचतात, दुसऱ्या आठवड्यात फोल्डरमधे ढकलतात, आणि तो मेल यायचा बंद झाला तर कुणाच्याही लक्षात येत नाही. न आलेली गोष्ट माणसाला दिसत नाही, त्यात आपण फार कच्चे आहोत. आईला दिसली ती पाण्यामुळे.

संपाचा विषय निघालाच आहे तर एक. युनिक्समधे (लिनक्स त्याच घराण्यातला) झॉम्बी नावाचा प्रकार असतो. प्रोसेस मेलेली असते, मेमरी वगैरे सगळी परत केलेली, पण सिस्टिमच्या यादीत तिची एक ओळ तशीच राहते, कारण पॅरेंटने येऊन विचारलेलं नसतं कशाने गेली. तिला किल नऊ मारूनही उपयोग नाही, मेलेल्याला काय मारणार. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. बाबांच्या गिरणीकडून कामावरून काढल्याचं पत्र आलं नाही, बिल्ला परत द्या असंही कुणी म्हणालं नाही. बाबांचा बिल्ला अजून घरी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे, गिरणीच्या जागेवर टॉवर होऊन जुना झाला.

तर हार्टबीट लावला आणि पहिल्याच महिन्यात मला तीनदा उठवलं, तिन्ही वेळा फुकट. महिन्याअखेरीला जॉबला दोन तास जास्त लागतात हे मी धरलंच नव्हतं. आणि तिसऱ्यांदा तर एकदम चाळीस अलर्ट आले, चाळीसच्या चाळीस जॉब मेले म्हणून. बायको म्हणाली आग लागली का तुमच्या ऑफिसला. काही नाही, मधला नेटवर्कचा स्विच बंद पडला होता, जॉब सगळे ठणठणीत, टकटक पोचत नव्हती.

तेव्हा मला २६ जुलै आठवला. २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर. मी अंधेरीलाच होतो तेव्हाही, दुसऱ्या ऑफिसात, आणि राहायला लालबागलाच. आईचा नियम होता, निघताना घरच्या फोनवर दोन रिंग द्यायच्या आणि कट करायचं, पैसे लागत नाहीत. त्या दिवशी रिंग द्यायला फोनच लागत नव्हते. रात्र ऑफिसात काढली आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चालत निघालो, कुठे गुडघाभर कुठे कंबरभर, दुपारी चाळीत पोचलो. मला वाटलेलं आई रडून रडून अर्धी झाली असेल. ती गॅलरीत भांडी घासत होती. मी म्हटलं तुला काळजी नाही वाटली? म्हणाली, शेजारचे तिघं नव्हते आले, वरच्या माळ्यावरची पोरगी नव्हती आली, कुणाचाच फोन नाही म्हंजे वाटच बंद असणार. तू एकटाच आला नसतास ना, मग मी घाबरले असते.

माझ्या आईने सातवी केलेली. पण एकाचा आवाज बंद झाला तर त्याची चिंता आणि सगळ्यांचा एकदम बंद झाला तर वाटेची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला ते चाळीस अलर्ट येईपर्यंत सुचलं नव्हतं. आता आमच्या सिस्टिममधे तो नियम आहे. पाचाच्या वर जॉब एकदम गप्प झाले तर एकच अलर्ट, वाट तपासा म्हणून.

आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, लालबागच्या खोलीत एकटे, माझ्याकडे डोंबिवलीला यायला तयार नाहीत, म्हणतात तिकडे मला कोण ओळखतं. त्यांना रात्री नऊला बीपीची गोळी असते आणि ती ते विसरतात. मी कॉम्प्युटरवाला म्हणून मोठ्या ऐटीत फोनमधे गोळीची आठवण करणारं अ‍ॅप टाकून दिलं. चार दिवस वाजलं. मग गप्प. मी जाऊन उघडलं की परत चालू, दोन दिवसांनी परत गप्प. इथेही तेच, कुणीतरी मारतंय आणि अ‍ॅप सांगू शकत नाही.

अँड्रॉइडमधे ११ पासून, म्हंजे २०२० पासून, एक सोय आहे. अ‍ॅप परत उघडलं की ते सिस्टिमला विचारू शकतं, मागच्या वेळी मी कशाने मेलो होतो. मेमरी कमी पडली, स्वतःच क्रॅश झालो, का वापरणाऱ्यानेच बंद केलं. मला हे फार आवडतं, मागच्या जन्मीचं मरण या जन्मी विचारायचं. पण त्यासाठी आधी कुणीतरी परत जन्माला घालायला लागतं. फोन केबलने लॅपटॉपला जोडून ती यादी काढली. मला खात्री होती की बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगनेच मारलं असणार, काही फोन या बाबतीत बदनामच आहेत. प्रत्येक ओळीत कारण एकच, वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून. वेळ पण जवळपास एकच, संध्याकाळी सातच्या आगेमागे.

सात म्हंजे दिवेलागणीची वेळ. मी एका रविवारी मुद्दाम थांबलो. बाबांनी देवाला दिवा लावला, मोरीतला बल्ब घालवला, जिन्यातला घालवला, मग खुर्चीत बसून फोन घेतला आणि उघडी असलेली सगळी अ‍ॅप एकेक करून वर ढकलून दिली, शेवटचं जाईपर्यंत. त्या फोनवर तसं ढकललं की अ‍ॅप पुरतंच मरतं, त्याने लावलेले गजरही जातात. मी विचारलं बाबा हे काय करताय. म्हणाले, चालू कशाला ठेवायचं उगाच, लाईट जळतं.

काय बोलणार. आयुष्यभर खोलीतला पंखा बंद करूनच बाहेर पडलेला माणूस.

अ‍ॅप काढून टाकलं. आता आईचीच पद्धत, उलटी. नऊला गोळी घेतली की बाबा मला दोन रिंग देतात आणि कट करतात. सव्वानऊपर्यंत रिंग आली नाही तर मी फोन करतो. मी त्या वेळेला बहुतेक गाडीत असतो, ठाणे गेलेलं असतं, एका हाताने कडी आणि एका हातात फोन. रिंग आली की फोन खिशात.

परवा सव्वानऊ झाले, वीस झाले, रिंग नाही. फोन लावला, वाजतोय, उचलत नाहीत. मुंब्र्याच्या आसपास रेंज गेली, आल्यावर परत लावला. उचलला.

"बाबा, गोळी?"

"अरे घेतली ना. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, रिंग द्यायची राहिली."

"नक्की घेतली?"

"घेतली म्हणजे... थांब."

खुर्ची सरकल्याचा आवाज, मग कपाटाचा, मग गोळ्यांच्या स्ट्रीपची चुरचुर. बाबा स्ट्रीपवर पेनाने तारखा घालतात, मुकादम हजेरी लावायचा तशा. मी कान दाबून उभा, गाडी दिव्याला लागलेली, मागून माणसं ढकलतायत.

"आजची आहे रे अजून," बाबा म्हणाले. "आणि कालची पण. थांब, चष्मा लावतो."